वीज आत्ता कुठे आहे?

पाठ टेकून बसा. समोर टेबलावर काचेची एक नळी आहे असं धरा. वीतभर लांब, दोन बोटं जाड, दोन्ही टोकांना धातूच्या कड्यांत बसवलेले आरसे. दुकानातल्या एखाद्या जुन्या बारकोड स्कॅनरच्या पोटातून निघालेली, भंगाराच्या बाजारातून हातोहाती फिरत इथवर आलेली. जून १९७४ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं एक पाकीट बारकोडवरून पहिल्यांदा विकलं गेलं, तेव्हा काउंटरच्या आत हेलियम-निऑन लेझरच होता. या नळीतही हेच दोन वायू आहेत, हवेच्या दाबाच्या दोन-तीनशेव्या हिश्शाइतके विरळ. हेलियम बराच, निऑन थोडा. मधोमध मिलिमीटरभर पोकळीची एक काचनलिका जाते. जे काही घडायचं ते त्या पोकळीत.

ही नळी पेटवणारा वीजपुरवठा घरी बांधायचा, तर तो कसा असेल हे आपण सावकाश पाहणार आहोत. फक्त पाहणार आहोत. हात मांडीवरच राहू देत. हे वाचून कुणी सोल्डरिंग गन तापवायला घेणार असेल, तर आधी एखाद्या जाणत्या माणसाशेजारी बसून त्याचे हात पाहावेत, आणि एकट्याने तर हे काम करूच नये.

सोबत एकच प्रश्न घ्या: वीज आत्ता कुठे आहे? प्रत्येक भागापाशी थांबून तो विचारायचा. ‘बंद आहे’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. बंद हे बटणाचं वर्णन झालं; विजेचं नाही.

आता नळीवर व्होल्टेज चढवायला लागा, मनातल्या मनात. पाचशे व्होल्ट. काही नाही. हजार. काही नाही. दोन हजार, चार हजार. वायू हा विजेला न जुमानणारा पदार्थ आहे आणि हा वायू अजून वायूच आहे. दोन टोकांमधला ताण वाढतोय, पण वाहायला कुणी नाही. इथे थोडं थांबा, कारण पुढची घटना तुमच्या हातात नाही. वायूत कुठेतरी एक सुटा इलेक्ट्रॉन लागतो. तो येतो कुठून? कधी खोलीतला प्रकाश धातूवर पडून तो सोडवतो, कधी भिंतीतल्या दगडमातीचं किरणोत्सर्जन, कधी थेट आकाशातून आलेला कण. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवरून मिनिटाला साधारण एक असा कण, म्युऑन, जातो. म्हणजे उघड्या तळहातातून सेकंदाला एक-दोन, हे वाचतानाही. त्यातला एखादा नळीतून गेला आणि जाताना एका अणूचा इलेक्ट्रॉन उडवून गेला, की सुरुवात होते. काही जुन्या नळ्या गडद अंधारात पेटायला कुरकुर करतात आणि टेबलावरचा दिवा लावला की लगेच पेटतात, त्याचं कारण हेच. सगळं बांधून झाल्यावरही पहिल्या इलेक्ट्रॉनची वाट पाहणं शिल्लक राहतं.

तो आला की साताठ हजार व्होल्टचा ताण त्याला खेचतो, तो दुसऱ्या अणूवर आदळतो, दोनाचे चार होतात, चाराचे आठ, आणि क्षणाच्या फार लहान तुकड्यात नळी वाहू लागते. लगेच तिचा स्वभावच बदलतो. पेटायला आठ हजार मागणारी नळी पेटल्यावर चौदाशेवर भागवते, आणि त्या चौदाशेत पाच मिलिअँपिअर प्रवाह घेते.

आता जरा रेंगाळू या, कारण या सगळ्या खटाटोपाचं मर्म इथे आहे. शाळेत शिकलो की व्होल्टेज वाढवलं तर प्रवाह वाढतो. पेटलेल्या वायूत प्रवाह वाढला की आयन वाढतात, वाट रुंद होते आणि लागणारं व्होल्टेज उलट कमी होतं. म्हणजे प्रवाह किंचित वाढला की नळीची मागणी घटते, मागणी घटली की उरलेलं व्होल्टेज आणखी प्रवाह रेटतं, आणि हे चक्र थांबवणारं नळीत काहीही नाही. थांबवणारं बाहेरून जोडावं लागतं. आपल्या घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. तिची चोक आणि तिचा स्टार्टर याच दोन अडचणींवरचे उपाय आहेत: पेटवायला एक धक्का, आणि पेटल्यावर लगाम. लेझरच्या नळीला लगाम म्हणून साधा रेझिस्टन्स चालतो, ७५ किलोओहमच्या आसपासचा. पाच मिलिअँपिअर वाहिले की त्याच्यावर ३७५ व्होल्ट पडतात आणि जवळजवळ दोन वॅट नुसत्या उष्णतेत जातात. प्रवाह वाढू पाहिला की त्याच्यावरचे व्होल्ट वाढतात, नळीच्या वाट्याचे कमी होतात, आणि नळी जागेवर येते.

माझ्या मते अख्ख्या खोक्यात हा सगळ्यात शहाणा भाग आहे, आणि तो करतो काय तर गरम होतो. त्याची जागाही पाहा. तो वीजपुरवठ्याच्या पेटीत सोयीस्कर कोपऱ्यात बसवून चालत नाही. नळीच्या ॲनोडपासून अगदी जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर लागतो. कारण रेझिस्टन्स आणि नळी यांच्यामधली तारसुद्धा थोडी वीज साठवते. तार लांब असली की ती साठते, एकदम नळीत रिकामी होते, पुन्हा साठते, आणि स्थिर उजेडाऐवजी नळी फडफडत राहते. इतक्याशा तारेलाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

मग मनात येतं, प्रवाह थोडा वाढवला तर उजेड वाढेल. वाढतो, पण एका ठिकाणापर्यंत. त्यापुढे प्रवाह वाढवाल तसा लेझरचा झोत मंदावतो. असं का, हे पाहायला आत शिरावं लागतं. इलेक्ट्रॉन धडकून हेलियमच्या अणूला २०.६१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पातळीवर चढवतात. तो तिथे बराच वेळ अडकून राहतो. शेजारून जाणाऱ्या निऑनची एक पातळी आहे २०.६६ वर. दोघांची गाठ पडते आणि हेलियम आपली ऊर्जा निऑनला देऊन मोकळा होतो, ०.०५ ची तूट अणूंच्या धावपळीतून भरून निघते. निऑन तिथून खाली उतरताना ६३२.८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, आणि मग त्याला तळापर्यंत पोचायला नलिकेच्या भिंतीवर आपटावं लागतं. म्हणून पोकळी मिलिमीटरभरच ठेवतात: भिंत जवळ हवी. प्रवाह वाढवत नेला की वर चढलेला हेलियम इलेक्ट्रॉनच्या धडकांनीच खाली ओढला जातो आणि निऑनच्या खालच्या पातळ्यांवर गर्दी होते. जास्त दिल्याने कमी मिळतं. वीजपुरवठा बांधणाऱ्याला हे नीट पटलं की बरेच मोह आपोआप गळतात.

गंमत अशी की जगातल्या पहिल्या वायू लेझरला असला पुरवठा नव्हताच. १२ डिसेंबर १९६० रोजी न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये अली जवान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी तो चालवला, तेव्हा नळीच्या काचेबाहेरून रेडिओ लहरी देऊन वायू पेटवला होता. निघालेला प्रकाश १.१५ मायक्रोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. लाल झोत १९६२ मध्ये त्याच संस्थेत ॲलन व्हाइट आणि डेन रिग्डेन यांनी मिळवला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९६४ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या सी. एल. स्टाँग यांच्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात घरी वायू लेझर कसा बांधावा, यावर लेख आला. प्रयोगशाळेतून माळ्यावरच्या खोलीत यायला इतकाच वेळ लागला.

पुरवठ्याकडे वळा. भिंतीतून २३० व्होल्ट येतात. पहिला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दुय्यम गुंडाळीवर समजा ६५० व्होल्ट मिळतात. ही प्रत्यावर्ती वीज आहे, तिचं शिखर ९१९ व्होल्टला. एक डायोड वरचं शिखर एका कपॅसिटरमध्ये भरतो, दुसरा खालचं शिखर दुसऱ्यात. दोन्ही एकावर एक जोडले की १८३८. नळीचे १४०० आणि रेझिस्टन्सचे ३७५ मिळून १७७५ लागतात. म्हणजे जमतं, पण काठावर. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज दोनशेवर उतरलं की हेच १६०० होतात, नळीला जेमतेम पावणेतीन मिलिअँपिअर मिळतात आणि ती लुकलुकायला लागते. उलट २५० झालं तर प्रवाह आठावर जातो. भिंतीतल्या इतक्याशा चढउताराने नळीचा प्रवाह दुपटी-तिपटीने का हलतो, हे वजाबाकी करून पाहा. हिशोब शांतपणे करण्याजोगा आहे. चांगल्या पुरवठ्यात म्हणूनच प्रवाह धरून ठेवणारं ट्रान्झिस्टरचं नियंत्रण असतं.

पेटवायला मात्र आठ हजार हवेत. त्यासाठी मुख्य पुरवठ्याच्या डोक्यावर डायोड आणि छोट्या कपॅसिटरची एक शिडी चढवतात. स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांची ही कल्पना; १९३२ मध्ये केंब्रिजला कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अशाच शिडीच्या आधारे प्रोटॉनना वेग देऊन अणुगर्भ फोडला आणि तेव्हापासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. इथे तिचं रूप अगदी लहान आहे. दर पायरीला १८३८ व्होल्टची भर, चार पायऱ्यांत आकडा नऊ हजारांच्या घरात. प्रत्येक डायोडवर उलट दिशेने १८३८ चा ताण येतो, आणि बाजारात मिळणारा १एन४००७ हजारापर्यंतचाच, म्हणून एकेका जागी दोन-तीन डायोड रांगेत.

या शिडीपाशी जरा जास्त वेळ बसा. तिचे कपॅसिटर मुद्दाम क्षुल्लक ठेवलेले असतात, पाचशे पिकोफॅरडच्या आसपासचे. पन्नास हर्ट्झवर ती जेमतेम मिलिअँपिअरचा विसावा भाग देऊ शकते. नळी पेटेपर्यंत प्रवाह लागतच नाही, तेव्हा ती सावकाश नऊ हजारांपर्यंत चढते. नळी पेटली, पाच मिलिअँपिअर ओढू लागली, की शिडी त्याच क्षणी कोसळते. पण तिचे सगळे डायोड एकाच दिशेने तोंड करून उभे असल्यामुळे मुख्य पुरवठ्याचा प्रवाह त्यांच्यातूनच वाट काढतो. वाटेत पंधरा-वीस व्होल्ट खर्ची पडतात एवढंच. आणि नळी काही कारणाने विझली तर? कुणी बटण न दाबता शिडी पुन्हा भरू लागते. मला यापेक्षा देखणं सर्किट फार थोडी माहीत आहेत.

वीज आत्ता कुठे आहे? मुख्य कपॅसिटरमध्ये. समजा दोन्ही भागांत मिळून १० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलायटिक रांगेत आहेत. हिशोब केला तर पावणेतीन ज्यूलच्या वर ऊर्जा भरते. आकडा किरकोळ वाटतो. पण ती छातीतून मिलिसेकंदांत गेली तर किरकोळ राहत नाही. आणि कपॅसिटरमागे ट्रान्सफॉर्मर आहे, तो पुन्हा भरायला तयार. ७५ किलोओहमचा लगाम आपल्या पुढच्या भागाला धरून ठेवतो. त्याच्या मागे हात गेला तर तो तुमच्या कामाचा नाही.

घरातल्या बोर्डावर ईएलसीबी आहे, ३० मिलिअँपिअरला पडतो, म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी इथे नीट पाहावं. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक मोजतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या दोन टोकांमध्ये तुमचं शरीर आलं तर अलीकडच्या बाजूला फरक पडतच नाही. ईएलसीबीच्या दृष्टीने एक साधं उपकरण वीज घेतंय. म्हणून जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवतात: दोन्ही हात आत गेले तर दोन हातांमधल्या वाटेवर हृदय येतं. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचे पंचवीस हजार व्होल्ट खाऊन हसत उठलेली माणसं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर भेटतील. त्यांच्या हसण्यावर जाऊ नका. तिथे मागचा स्रोत दुबळा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला दोन हजारच व्होल्ट असतात, पण त्यामागे अर्धा अँपिअर उभा असतो, आणि तो माणूस मारतो. भंगारात स्वस्त मिळाला तरी त्याला टेबलावर जागा देऊ नये.

वायू लेझरच्या धाग्यावर बारामतीची आठवण अटळ आहे. १९३८ मध्ये तिथे जन्मलेल्या चंद्रकुमार पटेल यांनी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली, पुढे स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. १०.६ मायक्रोमीटरचा अदृश्य झोत, विजेतला जवळपास दहावा हिस्सा प्रकाशात उतरवणारा. आज तालुक्याच्या गावीही ॲक्रिलिकच्या पाट्या आणि लग्नपत्रिका कापणाऱ्या यंत्रांत तीच जात आहे. त्या नळीला पंधरा-वीस हजार व्होल्ट आणि तेही वीस मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. तो पुरवठा तयार विकत घ्यावा, आणि बिघडला तर अख्खा बदलावा. हौसेचं काम हेलियम-निऑनपाशी थांबलेलं बरं.

आता मनातली खोली अंधारी करा आणि फक्त ऐका. सोल्डरिंग करताना एखादं टोक टोकदार राहिलं असेल तर तिथून बारीक सूं सूं ऐकू येते, पाहिलंत तर जांभळी झाक दिसते, आणि नाकाला ओझोनचा तिखट वास लागतो. हवा मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्टपर्यंत दम धरते, पण टोकापाशी ताण एकवटतो आणि ती आधीच हार मानते. उपाय सोपा: प्रत्येक जोड गोल, गुळगुळीत, भरपूर कथील घेऊन. साध्या सर्किटमध्ये जो जोड बेढब म्हटला असता तो इथे बरोबर. आणि नळीची दिशाही पाहून घ्या. आतलं मोठं ॲल्युमिनियमचं नळकांडं कॅथोड आहे, ऋण तार त्यालाच. उलटी जोडली तर छोट्या ॲनोडचा धातू उडून आरशावर बसतो आणि नळी थोड्या वेळात कायमची जाते.

बटण दाबा. अर्धा सेकंद, एक सेकंद काही होत नाही; शिडी भरतेय, इलेक्ट्रॉन यायचाय. मग नळीत नारिंगी-गुलाबी उजेड भरतो आणि भिंतीवर लाल ठिपका उमटतो. झोताकडे समोरून पाहायचं नाही, आरशासारख्या वस्तूवरून परतलेल्याकडेही नाही. हिशोब करा: नळीला सात वॅट, रेझिस्टन्सला जवळजवळ दोन. नऊ वॅट आत गेले आणि बाहेर आलेला झोत एका मिलिवॅटचा. नऊ हजारांतला एक भाग. बाकीचं काचेला हात जवळ नेला तर उबेत कळतं, आणि नळीच्या कडेने सांडणाऱ्या निऑनच्या नेहमीच्या उजेडात दिसतं.

बंद करा. प्लग भिंतीतून काढा. उजेड गेला. आणि आता या मननातलं सगळ्यात लांब मिनिट. प्रत्येक कपॅसिटरवर एक मेगाओहमचा रेझिस्टन्स आहे. दहा मायक्रोफॅरड, एक मेगाओहम, म्हणजे दर दहा सेकंदांनी व्होल्टेज पूर्वीच्या सदतीस टक्क्यांवर. मोजा. दहा सेकंद: पावणेसातशे. वीस: अडीचशे. इथेच लोकांचा हात पुढे जातो. तीस: नव्वद. चाळीस, चौतीस. पन्नास, बारा. मिनिट पुरं होतं तेव्हा पाचाच्या आत. पण हे सगळे रेझिस्टन्स शाबूत असतील तरच. त्यातला एखादा आतून तुटला असेल तर त्याच्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्ट तसेच बसून राहतात, आणि बाहेरून ते कळत नाही. शिवाय नळी विझल्यावर शिडीच्या छोट्या कपॅसिटरमध्ये आणि नळीच्या काचेतही थोडी वीज उरते. तिने माणूस मरत नाही, पण हात झटक्याने मागे जातो आणि तो कुठे आदळेल हे सांगता येत नाही.

म्हणून मोजायचं. साधा मीटर हजार व्होल्टपर्यंतचा, त्याला इथे हाय व्होल्टेज प्रोब लागतो. मग लांब, सुक्या, इन्सुलेटेड दांड्याची काठी: तिच्या तारेची क्लिप आधी अर्थिंगला, नंतर टोक सर्किटला. पहिला स्पर्श मोठ्या रेझिस्टन्समधून, म्हणजे ठिणगी उडून कपॅसिटर फुटत नाहीत, दुसरा थेट. आणि एकदा करून उठायचं नाही. कपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेशनमध्ये मुरलेली वीज शॉर्ट काढल्यावर हळूहळू पुन्हा वर येते. शून्य दाखवणारा मीटर काही मिनिटांनी शून्य दाखवत नाही. तेव्हा प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांना जोडणाऱ्या तारा काम संपेपर्यंत तशाच ठेवायच्या. त्यांना एकेक लाल चिंधी बांधून तिचं टोक पेटीबाहेर लोंबतं सोडलं, की पुढच्या वेळी प्लग लावण्याआधी त्या काढायच्या राहत नाहीत.